शितावरून भाताची परीक्षा

धान्याच्या पेठेंत ज्याची हयात गेली आहे अशा व्यापाऱ्यास 'वानगी' म्हणजे काय हें सांगावयास नको. पोतें समोर आलें कीं त्यांतून तो मूठभर दाणे काढतो, तळहातावर पसरतो, एखादा दाणा दातांखालीं धरून पाहतो, आणि तेवढ्यावर सबंध पोत्याचा भाव ठरवितो. त्याचें हें वागणें अविचाराचें आहे असें कोणीही म्हणणार नाहीं. पोत्यांतील दाणा न् दाणा तपासावयाचा म्हटलें तर व्यापारच बंद ठेवावा लागेल. आमच्या गृहिणीही चुलीवरच्या भांड्यांतील एक शीत बोटांनीं चेपून भात शिजला कीं नाहीं तें सांगतात, व त्यावरूनच 'शितावरून भाताची परीक्षा' ही म्हण मराठींत रूढ झाली. म्हण खरी आहे; परंतु ती कां खरी आहे याचा विचार फारसा कोणी करीत नाहीं. भांड्यांतील सर्व शितें एकाच तांदुळाचीं, एकाच पाण्यांत आणि एकाच आंचेवर शिजलेलीं असतात, म्हणून एक शीत इतरांची साक्ष देऊं शकतें. शेजारच्या घरांतील भात शिजला कीं नाहीं हें आपल्या भांड्यांतील शितावरून सांगणारी गृहिणी आम्हांस अद्यापि भेटलेली नाहीं. आणि एका दुकानच्या वानगीवरून दुसऱ्या दुकानच्या पोत्याचा सौदा करणारा व्यापारी फार दिवस पेठेंत टिकत नाहीं.

परंतु हाच व्यापारी दुकानांत नोकर ठेवावयास बसला, किंवा हीच गृहिणी माडीवरची खोली भाड्यानें देऊं लागली, कीं ही सारी सावधगिरी कोठें जाते कोण जाणे! समोर आलेल्या माणसाचें आडनांव कळलें, गांव कळलें, बोलण्यांतला हेल कानांवर पडला, कीं परीक्षा संपली. त्या आडनांवाचा कोणी एक मनुष्य पूर्वीं गल्ला घेऊन पळाला होता. कित्येकदां तोही पळालेला नसतो, पळाल्याचें कोणाकडून तरी ऐकलेलें असतें. एवढ्या एका शितावरून लाखों माणसांचा भात कच्चा ठरतो. एक जात, एक धर्म किंवा एक जिल्हा म्हणजे एक भांडें नव्हे. त्यांतील माणसें निरनिराळ्या घरांत आणि निरनिराळ्या आंचेवर वाढलेलीं असतात. ही गोष्ट त्याच व्यापाऱ्यास त्याच्या स्वतःच्या जातीविषयीं विचारा, तो लगेच कबूल करील. 'आमच्यांत काय, सगळ्या प्रकारचे लोक आहेत,' असें तो म्हणेल. दुसऱ्यांत मात्र त्यास एकच प्रकार दिसतो. या दृष्टिदोषाविषयीं आज आम्हांस चार शब्द लिहावयाचे आहेत. तो केवळ दुर्जनांचा दोष असता तर त्याची एवढी चिंता करण्याचें कारण नव्हतें. तो सज्जनांत आहे.

या दोषास मानसशास्त्रज्ञांनीं जें नांव दिलें तें आमच्याच, म्हणजे छापखान्याच्या, धंद्यांतून उचललेलें आहे. खिळे जुळवून पान तयार झालें कीं त्यावर ओला कागदी लगदा दाबून साचा घ्यावयाचा, त्यांत वितळलेलें शिसें ओतावयाचें, आणि जो अखंड पत्रा निघेल त्यावरून हजारों प्रती काढावयाच्या, अशी रीत मोठ्या वृत्तपत्रांच्या छापखान्यांत एके काळीं होती. या पत्र्यास 'स्टीरिओटाइप' म्हणत. सुटे खिळे असले म्हणजे एखादें चुकलेलें अक्षर उचलून त्याच्या जागीं दुसरें बसवितां येतें. पत्रा एकदां ओतला कीं त्यांतील एकही अक्षर जागचें हलत नाहीं. अमेरिकेंतील पत्रकार वॉल्टर लिपमन यांनीं १९२२ सालच्या 'पब्लिक ओपिनियन' या ग्रंथांत माणसाच्या डोक्यांतील ठराविक चित्रांस हा शब्द लावला, आणि पुढें तो शास्त्रांतच रूढ झाला. आम्ही त्यास 'ठसा' म्हणूं.

ठसे असणें हाच मुळीं अपराध आहे असें मात्र समजूं नये. हार्वर्ड विद्यापीठाचे गॉर्डन ऑलपोर्ट यांनीं १९५४ सालीं पूर्वग्रहावर जो प्रसिद्ध ग्रंथ लिहिला त्यांत त्यांनीं हें स्पष्टपणें मांडलें आहे, कीं वर्गवारी केल्यावांचून मनाचें कामच चालत नाहीं. रस्त्यांत भुंकत येणाऱ्या प्रत्येक कुत्र्याची स्वतंत्र चौकशी करीत बसणारा मनुष्य शहाणा नव्हे. दोष पुढें सुरू होतो. ज्याची समजूत चुकीची होती व खरी माहिती मिळतांच ज्यानें ती बदलली, तो नुसता चुकला. माहिती समोर येऊनही जी समजूत हटत नाहीं, उलट माहितीवरच डोळे वटारते, ती पूर्वग्रह.

आणि ती हटूं नये म्हणून मन ज्या युक्त्या करतें त्या पाहिल्या म्हणजे एखाद्या लबाड कारकुनाची आठवण होते. नावडत्या समाजांतील एकानें चोरी केली कीं ती रक्कम त्या सबंध समाजाच्या खात्यावर नांवें पडते. त्याच समाजांतील दुसऱ्यानें सांपडलेलें पाकीट परत आणून दिलें तर तें मात्र त्याच्या एकट्याच्या खात्यावर जमा होतें, आणि वर त्यास प्रशस्तिपत्र मिळतें, 'तुम्ही त्यांतले वाटत नाहीं हो!' बोलणाऱ्यास आपण मोठी स्तुति केली असें वाटतें. ऐकणाऱ्यास काय वाटतें हें विचारण्याची पद्धत नाहीं. आपल्या समाजाचा जमाखर्च नेमका याच्या उलट लिहिला जातो. तेथें चोर हा अपवाद असतो आणि सज्जन हा नमुना. अशा वहीची बेरीज दर वर्षीं एकच येणार हें सांगावयास ज्योतिषी नको.

ही लबाडी जाणूनबुजून केलेली असते असें नाहीं, हें विशेष आहे. डेव्हिड हॅमिल्टन आणि रॉबर्ट गिफर्ड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनीं १९७६ सालीं एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. दोन काल्पनिक गट, एक मोठा व एक लहान. मोठ्या गटांतील माणसांविषयीं २६ वाक्यें वाचावयास दिलीं, त्यांपैकीं १८ चांगल्या कृत्यांचीं व ८ वाईट कृत्यांचीं. लहान गटाविषयीं १३ वाक्यें, ९ चांगलीं व ४ वाईट. हिशेब करणाऱ्याच्या तत्काळ ध्यानांत येईल कीं दोहोंकडील प्रमाण तंतोतंत एकच आहे. तरीही वाचणाऱ्यांस मागून विचारलें तेव्हां लहान गटाकडील वाईट कृत्यें त्यांनीं प्रत्यक्षाहून अधिक सांगितलीं व त्या गटाविषयीं मतही हलकें दिलें. गटांस नांवें नव्हतीं, जुनें वैर नव्हतें. जें क्वचित् दिसतें तें लक्षांत राहतें. लहान गट क्वचित् दिसतो, वाईट कृत्यही क्वचित् दिसतें. दोन क्वचित् गोष्टी एकत्र आल्या कीं मनांत त्यांची गांठ पक्की बसते. द्वेषाचा थेंबही नसतां पूर्वग्रहाचें बीं कसें पडतें तें येथें उघड दिसतें.

ब्रिस्टल येथील हेन्री ताय्फेल यांचा १९७० सालीं प्रसिद्ध झालेला प्रयोग याहूनही विचार करावयास लावणारा आहे. (ताय्फेल हे जन्मानें पोलंडमधील ज्यू. दुसऱ्या महायुद्धांत ते जर्मनांच्या कैदेंत होते, आणि सुटून आल्यावर आप्तांपैकीं जवळजवळ कोणीच वांचलें नसल्याचें त्यांस कळलें. हा विषय त्यांनीं कां घेतला हें निराळें सांगावयास नको.) शाळेंतील मुलांस कांहीं चित्रें दाखवून त्यांची आवड विचारण्यांत आली, आणि 'तू क्ले या चित्रकाराच्या गटांतला', 'तू कँडिन्स्कीच्या' असें प्रत्येकास सांगण्यांत आलें. खरें म्हणजे वांटणी चिठ्ठ्या टाकाव्या तशी केलेली होती. आपल्या गटांत आणखी कोण आहे हेंही मुलांस ठाऊक नव्हतें. मग त्यांस इतरांमध्यें थोडे पैसे वांटावयास सांगितलें. वांटणाऱ्यास स्वतःस त्यांतून कांहीं मिळावयाचें नव्हतें. मुलांनीं आपल्या गटाकडे झुकतें माप दिलें, येथवर नवल नाहीं. परंतु पुष्कळांनीं असेही आंकडे निवडले, कीं ज्यांत आपल्या गटास एरवीं मिळालें असतें त्याहून कमी मिळालें तरी चालेल, पण दुसऱ्या गटास त्याहूनही कमी मिळून अंतर राहिलें पाहिजे! नफ्यापेक्षां शेजाऱ्याचा तोटा अधिक गोड वाटणें ही वृत्ति ज्या पेठेंत शिरली तिची भरभराट कशी व्हावी?

हे सारे प्रयोग परदेशचे. आमच्या बाजारांत कोणाची जात विचारून माल विकला जातो काय, असा प्रश्न आमच्या व्यापारी वाचकांपैकीं कोणी तरी करील. माल विकतांना जात विचारीत नाहींत हें आम्हांस मान्य आहे. ग्राहकाचा पैसा सोवळाच असतो. परंतु नोकरी देतांना काय होतें याचें मोजमाप आतां झालेलें आहे, आणि तें आमच्याच देशांत झालेलें आहे. अर्थशास्त्रज्ञ सुखदेव थोरात, जे मूळचे अमरावती जिल्ह्यांतील, व न्यूयॉर्क येथील पॉल अटवेल यांनीं ऑक्टोबर २००५ पासून ६६ आठवडेपर्यंत मोठ्या इंग्रजी वृत्तपत्रांतील खाजगी कंपन्यांच्या नोकरीच्या जाहिराती जमविल्या. ५४८ जाहिरातींस मिळून ४,८०८ अर्ज टपालानें पाठविण्यांत आले. सारखीच पदवी, सारखाच अनुभव. जातीचा वा धर्माचा उल्लेख कोठेंही नाहीं. फरक एवढाच, कीं एका अर्जावरचें नांव उच्चवर्णीय हिंदूचें वाटावें, दुसऱ्यावरचें दलिताचें व तिसऱ्यावरचें मुसलमानाचें. मुलाखतीचें बोलावणें कोणास येतें एवढेंच पाहावयाचें होतें. उच्चवर्णीय नांवाच्या अर्जास बोलावणें येण्याच्या शक्यतेचें प्रमाण १ धरलें, तर दलित नांवास तें ०.६७ व मुसलमान नांवास ०.३३ पडलें. हा निष्कर्ष मुंबईहून निघणाऱ्या 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली' या साप्ताहिकांत ऑक्टोबर २००७ मध्यें छापून आला.

या आंकड्यांचा अर्थ नीट समजून घ्यावा. त्या कंपन्यांच्या कचेऱ्यांत अर्ज चाळणारे लोक कोणी जातीचे कट्टर अभिमानी असतील असें मानण्याचें कारण नाहीं. त्यांच्यापुढें शेंकडों कागदांचा ढीग होता आणि वेळ थोडा होता. अशा वेळीं हात आपोआप कोठें थांबतो व कोठें पुढें सरकतो, तेवढाच हा फरक आहे. त्यांपैकीं कोणास विचारलें असतें तर 'आम्ही फक्त गुण पाहतों' असेंच उत्तर आलें असतें, आणि तें त्यानें शपथेवर दिलें असतें. त्याच सुमारास सुरिंदर जोधका व कॅथरिन न्यूमन या समाजशास्त्रज्ञांनीं नोकरभरती करणाऱ्या अधिकाऱ्यांच्या मुलाखती घेतल्या. हे सर्व अधिकारी गुणांचाच पुरस्कार करीत होते. परंतु उमेदवाराचे 'घरचे संस्कार', म्हणजे बाप काय करतो, घर कसें आहे, हेंही पाहिलें पाहिजे असें त्यांतील बहुतेकांचें म्हणणें पडलें. ज्या देशांत बापाचा धंदा शतकानुशतकें जातीनेंच ठरत आला, तेथें बापाचा धंदा विचारणें म्हणजे काय विचारणें, हें त्यांच्या लक्षांत आलें नसावें. आमच्या पुण्या-मुंबईच्या घरमालकांची 'शाकाहारी कुटुंबासच' ही अटही याच जातीची आहे. स्वयंपाकघराचा वास हा पुष्कळदां नुसता बहाणा असतो.

कोणी म्हणेल, दोष उच्चवर्णीयांचा आहे आणि तुम्ही तो सर्वांच्या माथीं मारतां. या आक्षेपाचें उत्तर देणारा एक प्रयोग आहे, व तो आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. रेमा हॅना व ली लिंडन या अर्थशास्त्रज्ञांनीं भारतांतील एका शहरांत शाळकरी मुलांची बक्षिसाची परीक्षा भरविली. उत्तरपत्रिका तपासावयास शिक्षक नेमले. प्रत्येक उत्तरपत्रिकेवरील पहिल्या पानावर मुलाचें वय, तो मुलगा कीं मुलगी व जात लिहिलेली होती. मात्र ही माहिती खरी नसून कोणत्या पत्रिकेस कोणती लागावी हें केवळ योगायोगानें ठरविलेलें होतें. तेव्हां उत्तरांचा व जातीचा कांहीं एक संबंध नव्हता. २०१२ सालीं प्रसिद्ध झालेला निकाल असा, कीं खालच्या गणलेल्या जातीचें नांव ज्या पत्रिकेवर पडलें तिला किंचित् कमी गुण मिळाले. फरक मोठा नव्हता. परंतु परीक्षेंत अर्ध्या गुणानें कोणाचें काय होतें हें कोणत्याही पालकास विचारावें. आतां खरी गोष्ट पुढेंच आहे. हा कमीपणा उच्च जातीच्या शिक्षकांकडून झालेला आढळला नाहीं. तो खालच्या गणलेल्या जातींतूनच आलेल्या शिक्षकांच्या हातून झाला होता.

हें वाचून कांहीं लोकांस आनंद होईल, आणि ते या निकालाचा भलताच उपयोग करतील, हें आम्ही जाणून आहों. त्यांस आमचें एवढेंच सांगणें, कीं ज्या ठशाखालीं मनुष्य स्वतः दाबला गेला तोच ठसा घेऊन तो आपल्या मुलांच्या पत्रिका तपासतो, यांत त्या ठशाची शक्ति दिसते. त्याचें निरपराधित्व दिसत नाहीं. मुलींस शिकवूं नये असें म्हणणाऱ्यांत आज्या आणि सासवा कांहीं कमी नव्हत्या. तेव्हां 'मीही त्यांच्यांतलाच आहे' किंवा 'मी पुरोगामी घराण्यांतला आहे' या सबबीवर कोणासही या दोषांतून मोकळें होतां येत नाहीं. आणखी एक बारीक गोष्ट त्या प्रयोगांत दिसली. पत्रिकांच्या गठ्ठ्यांतील पहिल्या पत्रिका तपासतांना शिक्षक जातीकडे अधिक झुकले. पुढें पुष्कळ पत्रिका हातांखालून गेल्यावर हा कल ओसरला. म्हणजे मोजण्याचें माप हातांत नीट बसलेलें नसतें तेव्हां मन नांवाचा आधार घेतें. पुढील विवेचनास ही गोष्ट उपयोगीं पडेल.

ठसा केवळ मारणाऱ्याच्याच डोक्यांत राहतो असेंही नाहीं. कार्ला हॉफ व प्रियांका पांडे यांनीं २००३ सालीं उत्तर प्रदेशांतील खेड्यांत शाळकरी मुलग्यांस कागदावरच्या चक्रव्यूहांतून वाट काढावयास दिली. जातीचा उच्चार केला नव्हता तेव्हां खालच्या गणलेल्या जातींचीं मुलें इतरांच्या बरोबरीनें उतरलीं. प्रत्येकाचें नांव व जात सर्वांसमक्ष मोठ्यानें वाचून दाखविल्यावर मात्र त्यांचीं सुटलेलीं कोडीं स्पष्टपणें कमी झालीं. बुद्धि तीच, कागद तोच, पेन्सिल तीच.

आणि जेथें सरकारच ठसा मारतें तेथें काय होतें? महाराष्ट्रास यासाठीं दूर जावयास नको. १८७१ सालीं इंग्रज सरकारनें 'गुन्हेगार जमातीं'चा कायदा केला. आरंभीं तो उत्तर हिंदुस्थानांत होता; १९११ च्या कायद्यानें त्याची व्याप्ति मुंबई इलाख्यापर्यंतही आली. एकेका माणसानें काय केलें हें न पाहतां सबंध जमातच जन्मतः गुन्हेगार ठरविण्यांत आली. नांवें नोंदवहींत चढलीं, हाताचे ठसे घेतले गेले (येथें ठसा हा शब्द अक्षरशः खरा झाला!), पोलिसांकडे हजेरी लागूं लागली, परवान्यावांचून गांव सोडणें हाच गुन्हा झाला. पारधी, कैकाडी, भामटा इत्यादि समाजांतील कुटुंबें तारेच्या कुंपणांतील वसाहतींत ठेवण्यांत आलीं. सोलापुरांत अशी मोठी वसाहत होती. त्या भागास अद्यापि 'सेटलमेंट' असेंच म्हणतात.

आतां या व्यवस्थेचें तर्कशास्त्र पाहावें. परवान्यावांचून नातेवाइकाच्या अंत्यविधीस गेलेला मनुष्य पकडला जाई व त्याची गणना गुन्हेगारांत होई. चोरी झाली कीं पोलिस प्रथम नोंदवहीच उघडीत, व जेथें शोधावें तेथेंच सांपडावें या न्यायानें संशयितही त्याच जमातीचे निघत. काम कोणी देत नसे, कारण नांव नोंदवहींत; आणि काम नाहीं म्हणून कोणी चोरी केली तर ती नोंदवही खरी असल्याचा पुरावा ठरे. जी वही पुरावा गोळा करण्यासाठीं उघडली तीच पुरावा उत्पन्न करूं लागली. १९५२ सालीं हा कायदा देशांतून रद्द झाला व त्या समाजांस 'विमुक्त' हें नवें नांव मिळालें. कायदा रद्द होऊन सत्तर वर्षें उलटलीं. परंतु मराठी भाषेंत 'भामटा' हें एका समाजाचें नांव व लबाडाचें विशेषण असा एकच शब्द आजही चालतो, आणि लक्ष्मण गायकवाड यांस १९८७ सालीं आपल्या आत्मकथनास 'उचल्या' हें नांव द्यावेंसें वाटलें, त्याचें कारण हेंच. कित्येक वृत्तपत्रांतही दरोड्याच्या बातमींत आरोपी पारधी असला तर मथळ्यांतच पारधी टोळी येते. इतर समाजांच्या टोळ्यांस मात्र जात नसते, त्या नुसत्या टोळ्या असतात. असा मथळा लिहिणारा उपसंपादक कोणाचा द्वेष करीत नाहीं. त्याच्या पुढ्यांत ओतलेला पत्रा तयार असतो, तो नुसता छापतो.

मग उपाय काय? व्याख्यानें द्यावीं, मन शुद्ध करावें, असें उत्तर सहज सुचतें, आणि सुधारकांच्या सभांतून तें पुष्कळ वेळां दिलें गेलें आहे. आमचा त्यावर फारसा विश्वास नाहीं. १९९८ सालीं अँथनी ग्रीनवाल्ड प्रभृति अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनीं एक चांचणी काढली. पडद्यावर शब्द व चेहरे दिसतात, तशा कळा दाबावयाच्या, आणि कोणती जोडी जुळवितांना बोट किती क्षण अडखळलें त्यावरून मनांतला नकळत कल मोजावयाचा. लक्षावधि लोकांनीं ती करून पाहिली. पण त्याच माणसाचा आंकडा दुसऱ्या खेपेस बराच बदलतो, व अमुक आंकडा आला म्हणून तो मनुष्य प्रत्यक्षांत कसा वागेल हें त्यावरून फारसें सांगतां येत नाहीं, हें पुढील संशोधनांत दिसून आलें आहे. तेव्हां त्या चांचणीचा दाखला गळ्यांत बांधून हिंडण्यांत अर्थ नाहीं. मनांतील कल पालटण्याचे नऊ उपाय मोठ्या प्रमाणावर करून पाहणारें एक संशोधन २०१६ सालीं प्रसिद्ध झालें. त्या सर्वांचा परिणाम कांहीं तासांत किंवा फार तर कांहीं दिवसांत विरून गेला.

दुकानदार तराजू कां ठेवतो? तो लबाड असतो म्हणून नव्हे. प्रामाणिकांतल्या प्रामाणिक माणसाच्याही हातास शेरभर आणि सव्वाशेर यांतला फरक खात्रीनें कळत नाहीं, म्हणून. तराजू पुढें ठेवला तर आपल्या सचोटीचा अपमान झाला असें कोणताही दुकानदार मानीत नाहीं. उलट तराजू नसलेल्या दुकानांत ग्राहक पायरी चढत नाहीं. मग माणसांची पारख करतांनाच 'आमच्या नजरेवर विश्वास नाहीं काय?' असा रुसवा कां? शाळांत परीक्षेच्या उत्तरपत्रिकेवर आम्ही मुलाचें नांव लिहूं देत नाहीं, बैठक क्रमांक लिहवितों. यांत परीक्षकांची बदनामी झाली असें आजवर कोणी म्हटलेलें नाहीं. जें सोळा वर्षांच्या मुलासाठीं आवश्यक वाटलें तें बावीस वर्षांच्या उमेदवारासाठीं कां आवश्यक वाटूं नये? शासकीय नोकरींत समान संधीची हमी संविधानाच्या सोळाव्या अनुच्छेदानें दिलेली आहे. खाजगी पेढी, कारखाना वा दुकान त्या अनुच्छेदाच्या कक्षेंत येत नाहीं. म्हणजे तेथें तराजू ठेवणें सर्वस्वीं मालकाच्या मनावर आहे.

तो ठेवणें कठीणही नाहीं. अर्जांची पहिली निवड करणाऱ्याच्या हातीं कागद देण्यापूर्वीं नांव, आडनांव, बापाचा धंदा व गांव एखाद्या दुसऱ्या कारकुनानें झांकून क्रमांक घालावा. कामास काय लागतें हें अर्ज येण्यापूर्वीं लिहून ठेवावें, मागून नव्हे. मागून लिहिलें कीं आवडत्या उमेदवाराजवळ जें असेल तेंच नेमकें आवश्यक ठरतें. मुलाखतींत सर्वांस तेच प्रश्न त्याच क्रमानें विचारावे व गुण तेथल्या तेथें मांडावे, कारण माप हातांत नीट नसतें तेव्हांच मन नांवाकडे धांवतें, हें त्या शिक्षकांच्या उदाहरणांत आपण पाहिलें. यांत एक पैसाही खर्च नाहीं. गप्पा मारून माणूस ओळखण्याची हौस असलेल्या मालकांस ही रीत रुक्ष वाटेल, हें खरें.

एकत्र काम केल्यानें ठसे झिजतात कीं काय, असें विचारणारांसही उत्तर आहे. ऑलपोर्ट यांनींच सांगून ठेवलें होतें, कीं नुसता शेजार पुरत नाहीं. बरोबरीचें नातें व एक उद्दिष्ट पाहिजे. अर्थशास्त्रज्ञ मॅट लो यांनीं २०१७ सालीं उत्तर प्रदेशांतील खेड्यांत तरुणांचे क्रिकेटचे सामने भरवून हें ताडून पाहिलें. निरनिराळ्या जातींचे तरुण एकाच संघांत खेळले तेथें जातीबाहेरची मैत्री वाढली, व आपसांतील देवघेवही अधिक फायद्याची झाली. तेच तरुण एकमेकांच्या विरुद्ध संघांत खेळले तेथें ती बहुधा घटली. मालकानें वरच्या जातीचा मुनीम व खालच्या जातीचा हमाल ठेवून 'आमच्याकडे सर्व जातींचे लोक आहेत' असें म्हणणें या हिशेबांत बसत नाहीं. तो संघ नव्हे.

आमच्या व्यापारी मित्रांस एक प्रत्यक्ष सूचना करून हा लेख पुरा करतों. पाडव्यास नवी वही उघडली जाते, तींत एक पान जास्त घालावें. वर्षभरांत कामासाठीं किती अर्ज आले, कोणत्या आडनांवांचे आले, किती जणांस बोलावलें, किती ठेवले, आणि ज्यांस नकार दिला त्यांच्यापुढें एका ओळींत कारण. खोली भाड्यानें देणाऱ्यांनीं व गृहसंस्थांच्या चिटणिसांनींही तसेंच करावें. हें पान कोणा अधिकाऱ्यास दाखवावयाचें नाहीं, वर्तमानपत्राकडेही पाठवावयाचें नाहीं. पुढील पाडव्यास मालकानें एकट्यानें बसून त्याची बेरीज करावी, आणि कारणांच्या रकान्यांत 'योग्य वाटला नाहीं' हे शब्द कोणाकोणाच्या नांवापुढें पडले आहेत तें मोजावें.